गणित येतं, तरी जीमॅटचं डीएस चुकतं: बिघाड कुठे आहे ते कसं शोधायचं

परवा पुन्हा तेच झालं. समोर बसलेली मुलगी सीए. आकड्यांना घाबरायचा प्रश्नच नाही. जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेच्या सराव पेपरात क्वांटच्या, म्हणजे गणित विभागाच्या, २१ पैकी १९ बरोबर, आणि डेटा सफिशियन्सीचे (डीएस, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरते का एवढंच विचारणारे) जे आठ प्रश्न आले त्यांतले चार चूक. "सर, सगळ्या सिली मिस्टेक्स आहेत," म्हणत तिनं वही पुढे सरकवली. बारा वर्षं मी जीमॅटचं गणित शिकवतोय, आणि हे वाक्य ऐकलं नाही असा महिना गेलेला नाही. माणूस एकाच पायरीवर चार वेळा घसरला तर दोष त्याच्या वेंधळेपणाचा नसतो, पायरीवर शेवाळं असतं. ते खरवडायचं कसं, ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे दर वेळी नव्यानं सांगायला नको.

ज्यांनी पेपरचा नवा नमुना नीट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटची नवी आवृत्ती आली, तेव्हा डीएस क्वांटमधून उचलून डेटा इनसाइट्स या विभागात टाकलं. तिथे २० प्रश्नांना ४५ मिनिटं, म्हणजे सरासरी सव्वादोन मिनिटं. क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर मिळत नाही, इथे स्क्रीनवर मिळतो. त्रिकोण-वर्तुळांची भूमितीही गेली, तेव्हा सिनियरकडून मिळालेले आकृत्यांचे जुने संच रद्दीत टाका. प्रश्नाची ठेवण मात्र तीच आहे. वर एक प्रश्न, खाली दोन विधानं आणि कायमचे ठरलेले पाच पर्याय:

ए – पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरत नाही.
बी – दुसरं एकटं पुरतं, पहिलं एकटं पुरत नाही.
सी – एकेकटं कुठलंच पुरत नाही, दोन्ही मिळून पुरतात.
डी – दोन्ही विधानं एकेकटी पुरतात.
ई – दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन जरी तुमची असली तरी पुढे वाचा.

- घरी चहा पीत तोच प्रश्न पुन्हा सोडवला की बरोबर येतो.
- उत्तरांत सी फार होतात. शंका आली की बोट आपोआप सीकडे जातं.
- कच्च्या कामात पूर्ण उत्तर सापडतं, तेही दशांश चिन्हापुढच्या दोन स्थळांपर्यंत. एकेका प्रश्नाला तीन-साडेतीन मिनिटं.
- स्पष्टीकरण वाचल्यावर तोंडातून "अरे हो, शून्य!" किंवा "ऋण संख्या राहिली" असं निघतं.
- अवघड प्रश्न बरोबर, सोपे चूक. (हे सगळ्यात जास्त खुपतं, आणि निदानाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.)

आता एक काम करा. शेवटचे वीस चुकलेले डीएस प्रश्न काढा आणि एका कागदावर दोनच रकाने आखा: मी काय मारलं, बरोबर काय होतं. विषय, काठिण्य, वेळ यातलं काही लिहू नका. नुसत्या जोड्या. मी कुणाचीही वही हातात घेतली की आधी या जोड्या पाहतो, कारण कुठे गळतंय ते त्यांतच दिसतं.

सी मारलं आणि उत्तर ए किंवा बी निघालं, असं सारखं होत असेल तर तुम्हाला माहितीचा लोभ आहे. जेवढी जास्त मिळेल तेवढी बरी वाटते. बी मारलं आणि उत्तर सी होतं, तर पहिल्या विधानातली माहिती दुसऱ्यात झिरपतेय. ए, बी किंवा डी मारलं आणि उत्तर सी किंवा ई होतं, तर तुम्ही एखादी गोष्ट न सांगता गृहीत धरली. ई मारलं आणि उत्तर ए, बी किंवा डी होतं, प्रश्नही हो-नाहीचा होता, तर "नाही" या उत्तराला तुम्ही उत्तरच मानत नाही. आणि जोड्यांना काही ढंगच नसेल, सगळं विस्कळीत असेल, तर एकदम शेवटच्या तपासणीवर जा. तुमचा गणिताचा पायाच कच्चा आहे.

तपासणी १: पर्याय झोपेतून उठवलं तरी सांगता येतात का?

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. आणि तरीही दर पाचातल्या एकाचं इथेच अडतं, विशेषतः ज्यांनी आधी बँकेच्या परीक्षा दिल्यात त्यांचं. आयबीपीएसच्या पेपरांत हाच प्रकार असतो, पर्यायही पाचच, पण क्रम वेगळा. तिथे तिसरा पर्याय सहसा "दोहोंपैकी कुठलंही एक पुरतं" असा असतो. जीमॅटमध्ये तिसरा म्हणजे सी, "दोन्ही मिळून". डोकं बरोबर चाललं, बोट जुन्या सवयीनं गेलं, गुण गेला. एक मुलगा दोन वर्षं बँकेच्या परीक्षांची तयारी करून आला होता. त्याच्या वीसपैकी सहा चुका निव्वळ या अदलाबदलीच्या होत्या. चार दिवसांत बरा झाला.

पाठ करताना पर्याय सुटे पाठ करू नका, गाळणी पाठ करा. पहिलं विधान पुरलं तर उरतात ए आणि डी. नाही पुरलं तर बी, सी, ई. प्रत्येक प्रश्नाला कागदावर आधी "एडी / बीसीई" लिहायचं आणि पहिल्या विधानाचा निकाल लागला की एक बाजू काटायची. बालिश वाटतं. पण पहिलं विधान पुरतं हे ठरल्यावरही माणसं शेवटी सी मारतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कागदावर सी काटलेला असला तर हात धजत नाही.

तपासणी २: प्रश्नच नासका आहे का?

फुकटच्या ॲपांवर आणि फिरत्या पीडीएफांत निम्मे प्रश्न कुणीतरी घाईत रचलेले असतात. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या जीमॅटच्या डीएसमध्ये दोन विधानं एकमेकांना कधीच खोटी पाडत नाहीत. पहिल्यावरून क्ष = ४ आणि दुसऱ्यावरून क्ष = ६ असं निघालं, तर एक तर तुमची आकडेमोड चुकली किंवा प्रश्न रद्दी आहे. अधिकृत प्रश्न असेल तर पहिलंच समजा आणि परत तपासा. आयती मिळालेली पडताळणी आहे ही, तरी फार थोडे वापरतात.

सरावासाठी अधिकृत प्रश्न आधी संपवा. अधिकृत सराव पेपरांतले पहिले दोन फुकट आहेत. ते पहिल्याच आठवड्यात उधळू नका, बिघाड शोधून झाल्यावर वापरा.

तपासणी ३: विचारलंय काय? किंमत, की हो-नाही?

हे तुम्हाला माहीत आहे. तरी बघा. एकच विधान घेऊ:

क्ष² − १७क्ष + ७० = ०

अवयव पडतात (क्ष − ७)(क्ष − १०), म्हणजे क्ष ७ किंवा १०. आता वरचा प्रश्न "क्ष किती?" असा असेल तर विधान पुरत नाही, कारण किंमती दोन. पण प्रश्न "क्ष हा ५ पेक्षा मोठा आहे का?" असा असेल तर विधान पुरतं. सात असो की दहा, उत्तर "हो"च. विधान तेच, आकडेमोड तीच, निकाल उलटा. ज्यांना क्ष सापडेपर्यंत चैन पडत नाही ते इथे हमखास "पुरत नाही" म्हणून मोकळे होतात.

दुसरी बाजू "नाही"ची. न हा पूर्णांक आहे. न सम आहे का? विधान सांगतं, ३न विषम आहे. मग न विषमच असणार. उत्तर ठाम "नाही". म्हणजे विधान पुरलं. घरात कुणी विचारलं, "आज डबा हवाय का?" आणि तुम्ही "नाही" म्हणालात, तर विचारणाऱ्याला उत्तर मिळालं की नाही? डीएसमध्ये फक्त "कधी हो, कधी नाही" हे अपुरं. कागदावर प्रश्नाशेजारी आधीच "किंमत" किंवा "हो/नाही" लिहायची सवय लावा, पंधरवड्यात मुरते.

तपासणी ४: पहिल्या विधानाची दुसऱ्यात गळती

आता त्या सीए मुलीकडे येऊ. प्रश्न असा होता:

क्ष हा पूर्णांक आहे. क्ष किती?
(१) क्ष विषम आहे.
(२) क्ष² − ७क्ष + १० = ०

तिनं बी मारलं होतं. तिच्या वहीत दुसऱ्या विधानाखाली सुबक अक्षरात (क्ष − २)(क्ष − ५) = ० लिहिलेलं, त्याखाली क्ष = २, क्ष = ५, आणि मग दोनावर एक तिरकी काट. मी विचारलं, "हा दोन का काटला?" ती म्हणाली, "विषम पाहिजे ना, सर." मग तीनेक सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग तिनंच कपाळावर हात मारला. विषम असल्याचं सांगितलंय पहिल्या विधानानं, आणि आपण तपासतोय दुसरं, एकटं. एकट्या दुसऱ्याला दोन्ही किंमती चालतात, दोन्ही मिळून पाच उरतो, उत्तर सी.

गंमत म्हणजे ही चूक हुशार मुलांत जास्त दिसते. त्यांची स्मरणशक्ती चांगली, वाचलेलं डोक्यातून जात नाही, आणि डीएसला तर ते दहा सेकंदांसाठी विसरणारं डोकं हवं असतं. घरी "ही तर सिली मिस्टेक" वाटते त्याचं कारणही हेच: स्पष्टीकरण वाचताना विधानं आपोआप वेगळी वाचली जातात.

उपाय डोक्यात नाही, कागदावर करायचा. सरावात पहिलं विधान तपासून झालं की त्यावर अक्षरशः एक चिठ्ठी ठेवून ते झाका. परीक्षा केंद्रात पुसता येणारी वही आणि मार्कर देतात, त्यावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पहिलं, उजवीकडे दुसरं. उजवीकडे काम चालू असताना डावीकडचा एकही आकडा रेघ ओलांडून येता कामा नये. दोन्ही एकेकटी नापास झाली तरच रेघेखाली एकत्र मांडायची. दुसरं विधान सोपं दिसत असेल तर त्यापासून सुरुवात करायलाही हरकत नाही. मात्र मग गाळणी बदलते, "बीडी / एसीई" होते. हे गोंधळाचं वाटत असेल तर करू नका.

एक इशारा. हा उपाय शिकवला की काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि वर प्रश्नातच दिलेलं "क्ष हा धन पूर्णांक आहे" हेही विसरतात. ते दोन्ही रकान्यांना लागू असतं. मी ते रेघेच्या वर, दोन्ही रकान्यांच्या डोक्यावर लिहायला लावतो.

तपासणी ५: न सांगितलेलं धरून चाललात का?

माझ्या अनुभवात निम्मे गुण इथे जातात. आपल्याला लहानपणापासून "क्ष" म्हटलं की एक, दोन, तीन दिसतात. प्रश्नात "पूर्णांक" हा शब्द नसेल तर क्ष अर्धाही असू शकतो. "धन" नसेल तर ऋणही, शून्यही. बघा:

क्ष³ हा क्ष² पेक्षा मोठा आहे का?
(१) क्ष > ०
(२) क्ष² > क्ष

पहिलं वाचून बहुतेक जण २ घालून बघतात: ८ आणि ४, हो. ३ घालतात: २७ आणि ९, हो. पुरलं! आता ½ घाला: ⅛ आणि ¼, नाही. म्हणजे पुरत नाही. दुसऱ्यात ½ बसतच नाही, कारण ¼ हा ½ पेक्षा मोठा नाही. म्हणून ते पुरतं असं वाटतं, तोवर −२ घालून बघा. वर्ग ४, तो −२ पेक्षा मोठा, विधानात बसला. घन −८, तो ४ पेक्षा लहान. उत्तर नाही. हेही एकटं अपुरं. दोन्ही मिळून क्ष एकापेक्षा मोठाच उरतो, तिथे घन वर्गापेक्षा कायम मोठा. सी.

इथे दोन गोष्टी करायच्या. पहिली, आकड्यांची एक ठरलेली पेटी: ०, १, −१, ½, −½, एक मोठा धन, एक मोठा ऋण. दर वेळी नवा विचार नाही, तीच पेटी उघडायची. दुसरी जास्त महत्त्वाची. पहिल्या आकड्यानं "हो" दिलं की दुसरा आकडा निवडताना "नाही" कशानं येईल हे मनात धरून निवडायचा. आणखी एक "हो" मिळवून काही सिद्ध होत नाही, नुसता धीर येतो. आणि घातलेला आकडा आधी विधानात बसतो का, ते बघा. न बसणाऱ्या आकड्यानं विधान नापास करणारेही मी कमी पाहिलेले नाहीत.

असमानतेचा वेगळा त्रास आहे. क्ष/य > १ दिलं की मुलं दोन्ही बाजूंना य ने गुणून क्ष > य लिहून मोकळी होतात. −३ भागिले −२ म्हणजे दीड, एकापेक्षा मोठा. पण −३ हा −२ पेक्षा लहान. चलाचं चिन्ह माहीत नसेल तर असमानतेला त्यानं गुणायचं नाही, भागायचं नाही. बस.

तपासणी ६: "दोन चलं आहेत, म्हणजे दोन समीकरणं लागणार"

हा नियम शाळेत खपतो. डीएसवाले त्याच्याच जिवावर जगतात. तो चार बाजूंनी फसवतो.

एक: दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याचाच वेषांतर केलेला भाऊ. वडापाव कितीला? (१) ३ वडापाव आणि २ चहांचे ८० रुपये. (२) ६ वडापाव आणि ४ चहांचे १६० रुपये. दोन समीकरणं, दोन अज्ञात, आणि उत्तर ई. गाडीवाल्यानं दुसऱ्यांदा नवीन काही सांगितलंच नाही. बालभारतीतून शिकलेल्यांना इथे एक आयतं हत्यार आहे. दहावीच्या गणित भाग १ चं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं, त्यात निश्चयक शिकवलाय. ३ × ४ − ६ × २ = ०. निश्चयक शून्य आला की एकच एक उत्तर मिळणार नाही. दहा सेकंदांचं काम. बोर्डाच्या परीक्षेनंतर हे कुणाच्या कामी आलं असेल तर जीमॅट देणाऱ्यांच्याच.

दोन: विचारलेली राशी अख्खीच मिळते. "क्ष + य किती?" याला ३क्ष + ३य = २१ एवढं पुरतं. क्ष आणि य वेगळे कधीच कळणार नाहीत, कळायची गरजही नाही.

तीन: नग मोजायचे असतील तर एक समीकरणही पुरू शकतं. वडापाव १७ रुपयांना, समोसा २३ रुपयांना (असे भाव परीक्षेतच असतात, आमच्याकडे सुट्ट्यांवरून भांडणं झाली असती). रमाने किती वडापाव घेतले? (१) एकूण बिल १७७ रुपये. (२) एकूण नग ९. बहुतेकांचं उत्तर सी. पण वडापाव अर्धा विकत मिळत नाही. १७७ मधून १७ चे पट वजा करत जा आणि उरलेल्याला २३ नं भाग जातो का बघा: १६० नाही, १४३ नाही, १२६ नाही, १०९ नाही, ९२ हो. पाच वडापाव, चार समोसे. पुढेही दहापर्यंत बघितलं तरी दुसरी जोडी सापडत नाही. उत्तर ए. आता भाव १५ आणि २० करा आणि बिल १८०. मग ८ वडापाव ३ समोसे चालतात, ४ आणि ६ ही चालतात, नुसते १२ वडापावही चालतात. बिल एकटं पुरत नाही. म्हणजे साचा बघून निकाल देता येत नाही, करूनच बघावं लागतं. डीएसमध्ये कॅल्क्युलेटर खरोखर कामाला येतो तो अशाच ठिकाणी.

चार: वर्ग. "वर्ग दिसला की दोन उत्तरं, नापास" हा घाईचा निकाल. क्ष² − १०क्ष + २५ = ० ला उत्तर एकच, पाच. आणि क्ष म्हणजे माणसांची संख्या असेल तर ऋण मूळ आपोआप बाद.

याच घरातला एक शेजारी म्हणजे टक्केवारी. पगार किती टक्क्यांनी वाढला? (१) नवा पगार जुन्याच्या सहा पंचमांश आहे. (२) वाढ ८,००० रुपयांची झाली. पहिल्यात एक रुपयाही दिसत नाही म्हणून मुलं सीकडे पळतात. टक्क्याला गुणोत्तर पुरतं. २० टक्के, ए.

तपासणी ७: पूर्ण सोडवत बसता का?

समीकरण मांडलं, त्याला एकच उत्तर निघणार हे दिसलं, की मार्कर खाली. पुढची आकडेमोड हे जेवण झाल्यावर पुन्हा पान वाढून घेणं आहे. जिथे एक की दोन हे दिसत नाही (वर्ग, नग, असमानता), तिथे मात्र शेवटपर्यंत जा. वर वडापावात पाहिलंच. विभागाच्या शेवटी तीन उत्तरं बदलायची मुभा असते, ती डीएसवर उधळू नका. परत बघताना माणूस घाईत असतो आणि त्या घाईत बरोबर एचं सी होतं.

तपासणी ८: पाया

ही सगळ्यात महाग, कारण हिला आठवडे लागतात. वरचं सगळं करूनही जोड्या विस्कळीतच असतील तर डीएस सोडा आणि महिनाभर साधे प्रश्न करा: विभाज्यता आणि बाक्या, सम-विषम, केवलमूल्य, असमानता, मध्य आणि मध्यक, काम-काळ-वेग. मराठी माध्यमाच्या मुलांना मी नववी-दहावीची गणिताची पुस्तकंच हातात देतो. बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि शब्द ओळखीचे असले की डोक्यावरचा निम्मा भार उतरतो. "ॲब्सोल्यूट व्हॅल्यू" ऐकून गांगरलेला मुलगा "केवलमूल्य? एवढंच होय" म्हणताना पाहिलाय. चांगल्या पदवीवाल्यांना दहावीचं पुस्तक उघडायला लाज वाटते. पुस्तकाला कव्हर घाला.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

चुकांची वही तीन आठवडे ठेवली, साठेक नवे प्रश्न झाले, आणि तीच जोडी अजूनही तितकीच येतेय, तर एकट्यानं करणं थांबवा. आपल्याच डोळ्यातलं कुसळ आपल्याला दिसत नसतं, गळती तर मुळीच नाही. आणखी दोनशे प्रश्न केले तर तीच चूक दोनशे वेळा घोटून पक्की होते. अशा वेळी समोर बसून ऐकणारा माणूस हवा. मोठा क्लास, पन्नास जणांची बॅच, व्हिडिओंचं पॅकेज यातलं काही या बिघाडावर चालत नाही. चार-पाच तासांची एकास एक शिकवणी बहुधा पुरते. निवडताना एवढंच बघा: पहिल्या तासाला तो तुम्हाला दहा प्रश्न मोठ्यानं बोलत सोडवायला लावतो का, आणि मधे न तोंड घालता ऐकतो का. बसल्या बसल्या "शॉर्टकट ट्रिक्स" काढल्या तर चहा घेऊन परत या.

पाया कच्चा निघाला तर जीमॅटचा शिक्षकही नको. आठवी ते दहावीचं बीजगणित शिकवणारे गल्लीतले सर किंवा बाई धरा. पैसे कमी, काम जास्त चोख.

घरी दहात नऊ आणि पेपरात दहात पाच, हात गार पडतात, आदल्या रात्री झोप नाही, असं दोनदा-तीनदा झालं असेल, तर तो गणिताचा बिघाडच नाही. समुपदेशकाकडे जा, गरज असली तर डॉक्टरकडे. माझ्याकडे येऊन पैसे घालवू नका. मी फक्त आणखी प्रश्न देईन.

पेपर वाईट गेला म्हणून त्याच संध्याकाळी पुढची तारीख घेणारेही थांबा. दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर ठेवावंच लागतं, आणि १६ दिवसांत तपासणी ४ आणि ५ दुरुस्त होतात, तपासणी ८ होत नाही. कुठली लागू आहे ते आधी जोड्यांवरून बघा आणि मग तारीख घ्या.

शिक्षकाकडे जाताना चुकलेल्या प्रश्नांची मूळ वही न्या, नंतर नीट उतरवून काढलेली नव्हे. खाडाखोड, काटलेला दोन, समासातलं प्रश्नचिन्ह, सगळं तसंच राहू द्या. ती सीए मुलगी पहिल्या दिवशी वही स्वच्छ करून आणणार होती. पेनाची शाई खोडता आली नाही म्हणून तशीच आणली.